शाळेत ‘खानदेश महोत्सव’ भरवताय? या चुका टाळा

डिसेंबर उजाडला की जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या शाळांत गॅदरिंगची धांदल सुरू होते. त्यालाच जोडून एक दिवस सांस्कृतिक महोत्सव, आणि सहावी ते आठवीच्या मुलांकडे एकेक दालन. कल्पना झकास आहे. प्रत्यक्षात दिसतं ते असं: गुळगुळीत प्रिंटचे फलक, नऊवारीत अवघडून उभ्या मुली, आणि पाहुण्याने फलकाबाहेरचा एक प्रश्न विचारला की सगळ्यांच्या माना सरांकडे वळतात. दालनातल्या मुलाला पाठ न केलेल्या प्रश्नाचं उत्तर देता येतं का, एवढंच मी बघते. येत नसेल तर ते दालन पालकांनी नाहीतर प्रिंटिंगवाल्याने केलेलं असतं. खालच्या बहुतेक चुका तिथूनच निघतात.

फलक नेटवरून उतरवणं

बहिणाबाईंचं दालन प्रत्येक शाळेत असतं आणि चुकाही तिथेच सर्वांत जास्त. पहिली चूक म्हणजे बहिणाबाईच दुसऱ्या निघतात. नेटवर नुसतं ‘बहिणाबाई’ शोधलं की तुकोबांच्या शिष्या, सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंची माहितीही येते, आणि मुलं दोघींची सरमिसळ करून मोकळी होतात. आपल्या बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या, १८८० ते १९५१ या काळातल्या. दुसरी चूक चित्रातली. वही-पेन घेऊन लिहीत बसलेल्या बहिणाबाई मी किती फलकांवर पाहिल्या असतील! त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. कामं करता करता त्या ओव्या रचायच्या, मुलगा सोपानदेव आणि जवळच्यांनी त्या उतरवून घेतल्या, आणि पुस्तक आलं ते त्यांच्या माघारी, १९५२ साली. तिसरी चूक, ‘अहिराणी कवयित्री’ असं शीर्षक. त्यांची बोली जळगावच्या पूर्वेकडची, जिला लेवा गणबोली म्हणतात ती. यावल-रावेरकडचा पालक हे बघून हसणार, आणि हसलाच पाहिजे.

उपाय सोपा. फलक एकच, तोही हाताने लिहिलेला, आणि लिहिणाऱ्या मुलानेच तो समजावून सांगायचा. उरलेल्या जागेत घरोटं, म्हणजे जातं, मांडायचं.

वस्तू नुसती मांडून ठेवणं

घरोट्याला झेंडूची माळ घालून ‘हात लावू नये’ अशी पाटी लावली की पाच मिनिटांत दालन ओस पडतं. मुलांना दळू द्या. मात्र आधी तयारी करा. कोपऱ्यात पडून असलेल्या जात्याचा खुंटा ढिला झालेला असतो; तो पाचर मारून घट्ट करून घ्या. जातं टेबलावर कधीच ठेवू नका. वरची तळी घसरली तर कुणाच्या पायाचं बोट जायचं. जमिनीवर जुनी चादर अंथरा आणि समोरासमोर दोघांना बसवा. ज्वारी भरडच निघत असेल तर एक तर मुलं पसाभर दाणे एकदम ओततात, नाहीतर दगड गुळगुळीत झालेला असतो. पहिल्याला उपाय म्हणजे एका वेळी मूठभर घास. दुसऱ्याला उपाय म्हणजे टाकी लावून घेणं, म्हणजे छिन्नीने दगड पुन्हा खडबडीत करून घेणं, आणि ते करणारा माणूस आता सहज मिळत नाही, त्यामुळे पंधरा दिवस आधी शोधायला लागा. पहिलं थोडं पीठ टाकून द्यायचं, त्यात दगडाची कचकच येते.

रावेर-यावल भागात केळीच्या सोपटातून, म्हणजे खोडाच्या पापुद्र्यातून, धागा काढायचं दालन फार छान होतं. घड उतरला की केळीचं खोड फेकलंच जातं, त्यामुळे सामान फुकट. सोपटाची पट्टी फळीवर धरून बोथट पात्याने किंवा स्टीलच्या पट्टीने गर खरवडला की धागे मोकळे होतात. इथली चूक एकच: मुलं युनिफॉर्म घालूनच कामाला बसतात. केळीच्या चिकाचा डाग धुऊन निघत नाही, मग महोत्सवापेक्षा तो शर्टच लक्षात राहतो. घरचे जुने कपडे सांगा.

भरिताचा स्टॉल म्हणजे हॉटेल नव्हे

जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हे फलकावर लिहायचं आणि शेजारी केटररने आणलेलं भरीत कागदी द्रोणात विकायचं, याला काय अर्थ? वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजताना दाखवा, पण मैदानात, मंडपापासून लांब, शेजारी पाण्याची बादली ठेवून आणि आग मोठ्या माणसाच्या हातात देऊन. मुलांचं काम त्यानंतरचं: साल काढणं, बडगीत (लाकडी भांड्यात) ठेचणं, हिरवी मिरची-लसूण-शेंगदाणे घालणं. वांगं भाजण्याआधी टोचून घ्या, नाहीतर फुटून गरम गर अंगावर उडतो. सोबत कळण्याची भाकरी असेल तर ज्वारीत उडीद का मिसळतात, हे एका तरी मुलाने आजीला विचारून आलेलं असावं. खापरावरचे मांडे मुलांकडून करवून घ्यायच्या भानगडीत पडू नका; ते हातावर पसरवणाऱ्या एखाद्या काकूंना बोलवा आणि मुलांना प्रश्न विचारू द्या.

श्रद्धेचा फॅन्सी ड्रेस करणं

इथे मी जरा कडक आहे. कानबाई ही खानदेशची देवी. ती श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी बसते, सोमवारी तिचं विसर्जन होतं. ती डिसेंबरात वर्गात बसवून आरती करणं म्हणजे ज्यांच्या घरी ती बसते त्यांनाच खटकतं. त्यापेक्षा मुलांनी आपापल्या घरचे फोटो आणावेत. कुणाकडे नारळ सजवतात, कुणाकडे मुखवटा. रोटाच्या, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या, रीतीही घराघरांत वेगळ्या. ‘आमच्याकडे असं करतात’ हे वाक्य फलकावरच्या कुठल्याही परिच्छेदापेक्षा मोलाचं.

तीच गत सातपुड्यातल्या होळीची. नंदुरबारकडच्या आदिवासी होळीत बुध्या, बावा होणारी माणसं मानता, म्हणजे नवस, म्हणून ते रूप घेतात आणि त्यासाठी पथ्यं पाळतात. भाड्याचा पानांचा घागरा आणि गालावर पांढरे ठिपके लावून ‘आदिवासी नृत्य’ बसवणं हे अज्ञान आहे, आणि वर्गातल्या पावरा किंवा भिल मुलाला ते लगेच कळतं. तो गप्प बसतो, एवढंच. त्यालाच विचारा, ‘तुझ्या गावचं काय दाखवावंसं वाटतं?’ त्याने ‘काहीच नको’ म्हटलं तर तेही चालेल.

नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी गोळीबारात शहीद झालेल्या शिरीषकुमारचं पथनाट्य बसवत असाल तर फटाके फोडून गोळीबार दाखवू नका. आणि त्याच्यासोबत गेलेल्या बाकीच्या मुलांची नावंही घ्या.

गणिताला संस्कृतीतून वगळणं

चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ दिल्याचा शिलालेख आहे. तरी महोत्सवात भास्कराचार्य म्हणजे दाढीवाल्या चित्राचा फलक, बस्स. त्यांच्या ‘लीलावती’ या ग्रंथातलं मोर-सापाचं गणित मैदानात करून बघा. ९ हात उंच खांबावर मोर, खांबाच्या तळाशी सापाचं बीळ, २७ हातांवरून साप बिळाकडे येतोय. दोघांची चाल सारखी. मोर सापाला बिळापासून किती हातांवर गाठेल? आपण हातांऐवजी विती घ्यायच्या: ९ वितींची काठी, जमिनीवर २७ खुणांची सुतळी. मूल एकेका खुणेवर थांबतं आणि काठीच्या टोकापर्यंतचं अंतर सापाकडच्या उरलेल्या अंतराशी ताडून बघतं. १२ व्या खुणेवर दोन्ही १५ भरतात. सातवीत पायथागोरस असतोच. उत्तर जुळत नसेल तर गणित तपासत बसू नका, वीत तपासा: काठी एकाच्या वितीने मोजलेली असते आणि सुतळी दुसऱ्याच्या. एकाच मुलाची वीत काडीवर खुणावून तीच सगळीकडे वापरायची.

आवाज

आजी-आजोबांच्या अहिराणी गोष्टी मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकवणं ही सुंदर कल्पना शंभरातल्या नव्वद वेळा ढोल-ताशात बुडते. रेकॉर्डिंग घरी करा, पंखा बंद करून, मिनिटभराचं एकेक. ‘कशी व्हती तुन्ही शाळा?’ एवढा प्रश्न पुरतो, आजी पुढे थांबत नाही. दालन मंडपापासून सर्वांत लांबच्या वर्गात ठेवा, इअरफोन लावा. आणि मुलं अहिराणी बोलत असताना शिक्षकांनी त्यांचं ‘शुद्ध’ करायला जाऊ नये. ही सवय सुटता सुटत नाही.

बाकी किरकोळ

एकाच मुलाला दिवसभर दालनात उभं करू नका. त्याने बाकीचा महोत्सव कधी बघायचा? अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळ्या लावा. वर्गाला दोन दारं असतील तर एक आत यायला, एक बाहेर जायला. घरून आणलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या बुडाशी नाव चिकटवा आणि देवघेवीची यादी ठेवा, कारण संध्याकाळी दोन हंडे सारखेच दिसतात. भांडं परत केल्यावर यादीवर सही पोराची नको, त्याच्या आजीची घ्या.