बाकी कोण देणार? सुपारी घेताना करायची तयारी

गेल्या वैशाखात शिरपूर तालुक्यातील एका गावी हळदीच्या कार्यक्रमात आमच्या सात जणांच्या बँडने सायंकाळी साडेसहापासून रात्री दहापर्यंत वाजवले आणि ठरलेल्या 35,000 रुपयांपैकी केवळ इसाराचे 15,000 घेऊन आम्ही परतलो. सुपारी नवरदेवाच्या मामांनी दिली होती, इसारही त्यांनीच पाठवला होता, आणि आम्ही वायरी गुंडाळत होतो तेव्हा ते सुरतेच्या गाडीत बसलेले होते. नवरदेवाचे वडील अतिशय शांतपणे म्हणाले, ‘मामाले इचारा.’ दुसऱ्या दिवशी मामांचा फोन लागला तेव्हा त्यांनी सांगितले की इसाराची रक्कम हा त्यांचा भाच्याला आहेर होता आणि बाकी दाजींनी द्यायची होती. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते असे मला आजही वाटते. बाकी कोण देणार हे त्या घरात कोणीच ठरवलेले नव्हते, आणि मी ते विचारले नव्हते.

म्हणून फोन आल्यावर तारीख, गाव आणि वेळ लिहून झाली की चौथा प्रश्न हाच विचारावा: बाकीची रक्कम कोणाच्या हातून मिळणार? सुपारी देणारा माणूस आणि पैसे देणारा माणूस हे एकच असतात असे गृहीत धरू नये. लग्नघरात बोलणी मामा, काका किंवा मोठा जावई करतो आणि खर्चाची पिशवी दुसऱ्याच्याच काखेत असते. यात्रेच्या समितीत अध्यक्ष होकार देतात आणि रोकड खजिनदाराकडे असते. गणेश मंडळात तर होकार देणारे दहा जण आणि पैसे देणारा एक, असा प्रकार असतो. ‘घरचेच आहोत, देऊन टाकू’ हे उत्तर मिळाल्यास ते उत्तर समजू नये. पूर्ण नाव, त्या व्यक्तीचा स्वतःचा मोबाइल क्रमांक आणि तिचे सुपारी देणाऱ्याशी असलेले नाते, या तीन गोष्टी लिहून घेतल्याशिवाय वहीत तारीख शाईने लिहू नये. त्यानंतर त्या व्यक्तीला आपण स्वतः एक फोन करावा, कारण तिचे नाव दुसऱ्याने सांगितलेले असते आणि पुष्कळदा तिला त्याचा पत्ताही नसतो.

रकमेविषयी फार लिहीत नाही; ज्याला आपला दर सांगता येत नाही त्याने वाजवायला जाऊ नये. मात्र त्या रकमेत काय आले आणि काय आले नाही हे सांगायला हवे. साऊंड आपला की त्यांचा, जनरेटर कोणाचा, गाडीभाडे वेगळे की आतच, जेवण आणि रात्री उशीर झाल्यास मुक्काम कोणाकडे, हे स्पष्ट नसेल तर यातील प्रत्येक बाब शेवटी बाकीतून वजा होते. जळगावहून अक्कलकुव्याला जाणाऱ्या छोटा हत्तीचे भाडे आणि भुसावळला जाणाऱ्याचे भाडे सारखे नसते, ही गोष्ट समोरच्याला ठाऊक असते, पण हिशोबाच्या वेळी ती त्याच्या लक्षात राहत नाही. उन्हाळ्यात दुपारची सुपारी असेल तर मंचावर सावली आणि पंखे त्यांच्याकडून हवेत, हेही आधीच बोलावे. 44-45 अंशांच्या उन्हात कीबोर्ड बंद पडला तर ‘कार्यक्रम अर्धाच झाला’ म्हणून पैसे कापले जातात.

नोटा उधळण्याचा किंवा गायकाच्या हाती बक्षीस देण्याचा प्रकार आपल्याकडे हळदीत आणि कानबाई देवीच्या उत्सवाच्या रात्री हमखास होतो. ते पैसे कलाकारांचे असून ठरलेल्या रकमेत धरले जाणार नाहीत, हे वाक्य आधीच कळवून ठेवावे. एका ठिकाणी घरच्या मंडळींनी बक्षिसाचे अंदाजे चार हजार रुपये आम्हाला ‘मिळालेच आहेत’ म्हणून बाकीतून वजा करू पाहिले होते, आणि त्या चार हजारांतील निम्म्या नोटा घरातील मुलांनीच वेचल्या होत्या.

इसार किमान निम्मा घ्यावा. मी 35,000 वर 15,000 घेतले, हीसुद्धा चूकच होती, पण ती दुसऱ्या क्रमांकाची. इसार शक्यतो यूपीआयने किंवा खात्यावर घ्यावा, म्हणजे तारीख आणि पाठवणाऱ्याचे नाव आपोआप नोंदले जाते. इथे एक इशारा द्यायला हवा: इसार ज्याच्या खात्यावरून आला तोच बाकी देणार, असे त्या नोंदीवरून सिद्ध होत नाही. मी नेमका याच समजुतीत राहिलो. इसार मामांकडून आला म्हणून बाकीही मामांकडून येईल असे धरले आणि पुन्हा विचारले नाही.

लेखी काय हवे, याचा बाऊ करू नये. भारतीय करार कायदा 1872 चा आहे आणि तोंडी करारही त्यात बसतो. अडचण असते ती पुराव्याची. मुद्रांकाचा कागद, नोटरी वगैरेंच्या मागे लागल्यास हळदीची सुपारी हातची जाईल. व्हॉट्सअ‍ॅपवर एकच सविस्तर संदेश लिहावा, त्यात कार्यक्रमाची तारीख, सुरू होण्याची आणि थांबण्याची वेळ, एकूण रक्कम, मिळालेला इसार, उरलेली रक्कम, ती कोणत्या क्षणी द्यायची आणि ती देणाऱ्याचे नाव असावे, आणि त्या देणाऱ्याकडूनच ‘मान्य’ एवढे उत्तर घ्यावे. सुपारी देणाऱ्याचे ‘मान्य’ पुरेसे नाही. पुन्हा सांगतो, सुपारी देणाऱ्याचे ‘मान्य’ पुरेसे नाही. माझ्याकडे मामांचा अंगठा दाखवणारा हिरवागार संदेश आजही आहे आणि त्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही.

त्याच संदेशात दहाच्या वेळेविषयी एक वाक्य असावे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातील जास्तीत जास्त 15 दिवस सण-उत्सवांसाठी रात्री 12 पर्यंत सवलत मिळू शकते, पण घरच्या लग्नाला ती लागू होत नाही. नवरदेव पार्लरमधून नऊ वाजता परतला, हळद सव्वानऊला सुरू झाली आणि दहाला पोलिसांनी आवाज बंद केला, तर दोष बँडचा नसतो, तरीही ‘पाऊण तासच वाजवले’ असे ऐकावे लागते. म्हणून आम्ही ठरलेल्या वेळी मंचावर तयार असू, कार्यक्रम यजमानांकडून उशिरा सुरू झाल्यास किंवा पोलिसांनी थांबवल्यास रक्कम पूर्ण राहील, असे लिहावे. अवकाळी पावसासाठीही हेच.

आपल्या माणसांशीही बोलून ठेवावे. माझ्याकडील ढोलकीवाला अमळनेरहून आणि गायिका भुसावळहून नाईटवर, म्हणजे एका रात्रीच्या ठरलेल्या पैशांवर, येतात. यजमानांनी बुडवले तरी त्यांना त्यांचे पैसे त्याच रात्री द्यावे लागतात, आणि द्यायलाच हवेत. त्या रात्री ते मी घरातून दिले. नेहमीचे सहकारी असतील तर बुडालेल्या रकमेचा भार कोणी किती सोसायचा हे कार्यक्रमाआधी ठरलेले बरे, नंतर ठरवताना बँड फुटतात.

आदल्या दिवशी दोन फोन करावेत. सुपारी देणाऱ्याला रस्ता, मंच आणि वीज यांविषयी, आणि पैसे देणाऱ्याला फक्त पैशांविषयी. दुसरा फोन करताना संकोच वाटतो, लग्नघर आहे, माणूस गडबडीत असेल असे मनात येते, तरीही करावा. मी तो केला असता तर दाजींना आदल्या दिवशीच कळले असते की त्यांच्याकडे 20,000 रुपये निघतात, आणि त्या दोघांचा जो संवाद माझ्या डोक्यावरून झाला तो त्यांच्या ओसरीवर झाला असता.

गावात पोहोचल्यावर साऊंड उतरवण्याआधी त्या माणसाला प्रत्यक्ष भेटावे. चेहरा पाहावा, राम राम करावा, ‘बाकी सुरू होण्याआधी घेतो’ असे हसत सांगावे. वरातीत पितळी वाद्ये वाजवणाऱ्या एका जुन्या मास्तरांनी मला सांगितले होते की ते नवरदेवाला मारुतीच्या पारापर्यंत वाजवत नेतात आणि परतीची वरात निघण्याआधी तिथेच पूर्ण पैसे घेतात, कारण मांडवात अक्षता पडल्या की बँडवाल्याकडे कोणी बघत नाही. आमच्यासारख्या मंचावरच्या बँडला पार नसतो, पण मध्यंतर असते. सुरुवातीआधी नाही मिळाले तर मध्यंतरात घ्यावेत, आणि तेव्हाही तो माणूस दिसत नसेल तर दुसरा भाग सुरू करू नये. हे सांगणे सोपे आणि करणे अवघड आहे, समोर नाचणारी पोरे असतात. पण दहानंतर आपल्या हातात काहीही उरत नाही.

मंडळे आणि यात्रा समित्या यांची गोष्ट थोडी वेगळी असते, कारण वर्गणीची आश्वासने आधी मिळतात आणि रोकड नंतर जमते, त्यामुळे तिथे अनेकदा धनादेश मिळतो. धनादेशावर दोन सह्या लागतात का ते विचारावे आणि दोन्ही तिथेच घ्याव्यात. तो तीन महिन्यांत बँकेत भरावा लागतो. न वटल्यास बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यापासून समोरच्याला 15 दिवस, आणि तरीही पैसे न आल्यास पुढील एका महिन्यात न्यायालयात तक्रार, असा 1881 च्या कायद्यातील क्रम आहे. यातील एक तारीख चुकली की हे हत्यार बोथट होते. इथेही खजिनदाराचे नाव आधीच हवे. अध्यक्ष दरवर्षी बदलतात.

कंपनी किंवा महाविद्यालयाचा कार्यक्रम असेल तर बिल आणि पॅन आधी द्यावे, कारण पॅन नसल्यास कराची कपात 20 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. कापलेली रक्कम आयकर खात्याकडे आपल्या पॅनवर जमा दिसते का ते नंतर पाहावे. उद्यम नोंदणी केलेली असल्यास सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या 2006 च्या कायद्याने लेखी मुदत ठरली असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, अन्यथा 15 दिवसांत पैसे मिळायला हवेत. बिल कोणत्या टेबलावर मंजूर होते, त्या टेबलावरील माणसाचे नाव विचारावे. हो, इथेही.

बाकी राहिलीच तर त्याच रात्री हिशोबाचा संदेश, आठवड्याने आठवण, महिन्याने नोटीस; दाव्याची मुदत साधारण तीन वर्षे असते, पण 20,000 साठी वकील करणे परवडत नाही. माइक मोजून घ्यावेत. केबल मोजाव्यात. दाजींनी शेवटी आषाढात 8,000 पाठवले, उरलेल्या 12,000 विषयी ते अजूनही मामांकडे बोट दाखवतात, आणि मामा सुरतेहून फोन उचलतात, गोड बोलतात.