ख्रिस्तजन्माची कथा वाचायची तर

डिसेंबर लागला की कोल्हापुरातल्या आमच्या शब्बाथ शाळेत, म्हणजे मंडळीतल्या मुलांच्या बायबल वर्गात, मुलं नाटकाच्या कपड्यांमागं लागतात. मी सांगते, आधी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडा. येशूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत: मत्तय, मार्क, लूक आणि योहान. आज मत्तयाचे पहिले दोन अध्याय, उद्या लूकचे पहिले दोन. मार्क आणि योहानात जन्मकथा नाही.

मत्तयाची वंशावळ कंटाळा आला म्हणून ओलांडू नका. माझा जीव तिथंच अडकतो. बापांच्या नावांमध्ये तामार, राहाब, रूथ, उरियाची बायको आणि शेवटी येशूची आई मरीया. कुणी परकी, कुणी लोकांचे बोल ऐकलेली, आणि मशीहाच्या, म्हणजे येशू ख्रिस्ताच्या, घराण्यात मानानं उभी! पहिल्या चौघींची गोष्ट जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागात, शोधा. रूथपासून सुरू करा, चारच अध्याय आहेत.

मग वहीत दोन रकाने पाडा. मरीयेचा नवरा योसेफ याचं स्वप्न, मागी म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक, हेरोद राजा, मिसरला (इजिप्तला) पलायन मत्तयात. नावनोंदणी, गव्हाणी, मेंढपाळ लूकमध्ये. मागी किती होते हे लिहिलेलं नाही, आणि ते घरात आले असं मत्तय सांगतो. ख्रिस्तजन्माचा देखावा मांडताना हे ध्यानात ठेवा. बेथलेहेमच का, यासाठी जुन्या करारातल्या मीखा संदेष्ट्याच्या पुस्तकात ५:२ (अध्याय ५, वचन २) बघा.

लूक १:४६ पासून मरीयेचं गीत आहे. ते मोठ्यानं वाचा, शक्यतो घरातल्या मुलीकडून.