पेठेतल्या रस्त्याचे भूमी उपयोजन सर्वेक्षण: नोंद मजल्यागणिक घ्या

पुण्याच्या रविवार किंवा कसबा पेठेत खाली दुकान, वर गोदाम आणि त्यावर बिऱ्हाड ही रोजचीच मांडणी. भूमी उपयोजन सर्वेक्षण म्हणजे कोणती जागा कशासाठी वापरली जाते याची नोंद, आणि नकाशावर प्रत्येक वापराला वेगळा रंग असतो. इथे अख्ख्या इमारतीला एकच रंग दिला की नकाशा खोटा ठरतो.

सुरुवातीला 350 मीटरपर्यंतचाच रस्ता घ्या. 1:1000 प्रमाणावर तो 35 सेंटिमीटर होतो आणि ए-3 कागदावर मावतो. छापताना नकाशा कागदाच्या मापाला आपोआप बसवून घेऊ नका, प्रमाण बिघडते. दोन कोपऱ्यांमधले अंतर टेपने मोजून नकाशाशी ताडून पाहा.

दोघांनी जावे, एकाने पाहून सांगावे, दुसऱ्याने लिहावे. नोंद तळमजल्यापासून वर: व्या/गो/नि/नि, म्हणजे व्यापार, गोदाम आणि दोन मजले निवास. वरच्या मजल्यांचा अंदाज रस्त्यावरून बांधू नका. जिन्याखालचे वीजमीटर, पत्रपेट्या, दारावरच्या पाट्या पाहा, शेवटी विचारा. महाविद्यालयाचे पत्र जवळ असू द्या. अनोळखी माणूस मजले मोजतोय म्हटल्यावर लोकांना शंका येणारच.

सर्वांत जास्त चुका वाड्यांत होतात. दर्शनी बाजूला दुकाने दिसतात, पण बोळातून आत गेले की चौकाभोवती खोल्या असतात. त्या सुटल्या तर निवासी वापर कागदावर घटतो. तांबट आळीसारख्या ठिकाणी काम आणि राहणे एकाच छताखाली असते. तिथे 'उद्योग-निवास' असा मिश्र संकेत ठेवा, ओढूनताणून एका गटात घालू नका. शटर बंद दिसले म्हणून लगेच 'रिकामे' लिहू नये. दुपारी एक ते चार आणि साप्ताहिक सुट्टीचा दिवस टाळा, तरीही बंद असेल तर पुन्हा जा.

मग क्षेत्रफळ काढा. दर्शनी रुंदी 8 मीटर, खोली 15 मीटर, तर मजला 120 चौरस मीटर. वरच्या उदाहरणात एकूण 480 चौरस मीटरपैकी 240 निवास, 120 व्यापार, 120 गोदाम. फक्त तळमजला रंगवला असता तर हीच इमारत शंभर टक्के व्यापारी ठरली असती!

रंग नगररचनेत रूढ आहेत तेच वापरा: निवासी पिवळा, व्यापारी निळा, औद्योगिक जांभळा, सार्वजनिक लाल. प्रत्येक मजल्याचा वेगळा नकाशा करा. पथारीवाले संध्याकाळी वाढतात, म्हणून त्यांची फेरी स्वतंत्र घ्या आणि त्या नकाशावर तारखेबरोबर वेळही लिहा.