एझेड९१ची हीट ट्रीटमेंट: एजिंगला घालण्याआधी तुकडा मायक्रोस्कोपखाली बघा

मॅग्नेशियमचं कास्टिंग कुणी घेऊन आलं की मी आधी विचारते, वाळूच्या साच्यातलं आहे की प्रेशर डायकास्ट? साधं डायकास्ट असेल तर सोल्यूशन ट्रीटमेंटच्या (धातू न वितळवता तापवून ॲल्युमिनियम पुन्हा विरघळवण्याच्या) फंदात पडू नका. आत अडकलेला वायू फुगतो आणि अंगावर फोड येतात. पुढचं सगळं वाळूत ओतलेल्या एझेड९१सी बद्दल आहे, म्हणजे साधारण ९ टक्के ॲल्युमिनियम आणि थोडं जस्त असलेला मॅग्नेशियमचा मिश्रधातू.

ओतलेला धातू थंड होताना त्यातलं बरंचसं ॲल्युमिनियम बाहेर पडतं आणि ग्रेनच्या (धातूतल्या स्फटिककणांच्या) सीमांवर बीटा फेज (मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचं संयुग) म्हणून जाडजूड बेटांसारखं साचतं. ही फेज ठिसूळ असते. त्यामुळे ताणबळ १६५ मेगापास्कलच्या आसपास अडतं आणि तुकडा दोन-अडीच टक्के ताणला की तुटतो.

ही बेटं विरघळवायला सोल्यूशन ट्रीटमेंट: भट्टी २६० अंश सेल्सिअसला असताना माल भरा आणि तिथून ४१३ पर्यंत निदान दोन तास घेत चढवा. इथे घाई अजिबात नको. बीटाचं यूटेक्टिक (सर्वांत आधी वितळणारं मिश्रण) ४३७ला वितळतं, जस्तामुळे त्याहूनही थोडं आधी. ते एकदा वितळलं की कास्टिंग गेलं, त्यावर इलाज नाही. ४१३ला १६ ते २४ तास ठेवा. भट्टीत कार्बन डायऑक्साइड किंवा सल्फर डायऑक्साइडचं संरक्षण हवंच. आणि आग लागली तर पाणी मारायचं नाही, हे रात्रपाळीच्या प्रत्येक माणसाला तोंडपाठ पाहिजे. धातूच्या आगीची कोरडी पावडर हाताशी ठेवा. ग्रेन वाढताना दिसले तर ४१३ला ६ तास, ३५२ला २ तास, पुन्हा ४१३ला १० तास असं करा.

बाहेर काढून पंख्याच्या हवेत गार करा. आता तुकडा कापा. शेवटचं पॉलिश अल्कोहोलवर करा, पाण्याने पृष्ठभाग काळवंडतो. ग्लायकॉल एचंटने (पृष्ठभाग किंचित खाणाऱ्या द्रावणाने) एच केल्यावर ग्रेन स्वच्छ आणि सीमा बारीक रेघेसारख्या दिसायला हव्यात. मधे मॅंगनीजचे बारके ठिपके दिसले तरी चालतील, ते विरघळत नाहीत. सीमेवर बेटं उरली असतील तर आणखी सोक द्या, म्हणजे ४१३ला जास्त वेळ ठेवा. तीन ग्रेन मिळतात त्या कोपऱ्यात गोलसर डबकं आणि शेजारी पोकळी दिसली, तर ते वितळलेलं आहे. माल बाजूला काढा. नुसत्या हार्डनेसवर विसंबू नका, ओतीव आणि टी४ (सोल्यूशन ट्रीटमेंट करून गार केलेली स्थिती) यांच्या आकड्यांत फारसा फरक नसतो.

टी४ला ताणबळ २७५पर्यंत जातं, ताण (तुटेपर्यंतची लांबीवाढ) १५ टक्क्यांपर्यंत, पण यील्ड (कायमचा आकार बदलायला लागण्याचं बळ) ९०च्या आसपासच राहते. ती वाढवायला १६८ अंशांना १६ तास एजिंग करा, म्हणजे कमी तापमानात मुरवत ठेवा; यानंतरची स्थिती म्हणजे टी६. तोच बीटा आता ग्रेनच्या आत बारीक पट्ट्यांनी उतरतो, काही ठिकाणी सीमेपासून थरांच्या रूपात आत सरकतो. यील्ड १४५ होते, ताण ६ टक्क्यांवर येतो. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंसारखी मोठी उडी मात्र मिळत नाही, कारण या पट्ट्या स्फटिकाच्या बेसल (पायाच्या) प्रतलावरच आडव्या पडतात आणि अणूंच्या थरांची घसरणही मुख्यतः त्याच प्रतलावर होते, त्यामुळे अडथळा अपुरा पडतो.

म्हणून धक्के खाणाऱ्या भागाला मी टी४ सुचवते आणि कायम भार पेलणाऱ्याला टी६. भाग १२० अंशांच्या वर सतत तापणार असेल तर हा मिश्रधातूच बदला.