चॉकलेट खाल्लं की अंगावर पित्त उठतं? टेस्टला जायच्या आधी हे वाचा

पोराने चॉकलेट खाल्लं आणि अंगावर गांध्या उठल्या की घरात लगेच ठरतं, ह्याला चॉकलेटची अ‍ॅलर्जी आहे. पण नुसत्या कोकोची खरी अ‍ॅलर्जी फार कमी जणांना असते, बहुतेक वेळा त्यातलं दूध, शेंगदाणा, काजू, हेझलनट नाहीतर सोया त्रास देत असतं. त्यामुळे डॉक्टरांना "चॉकलेटची टेस्ट करा" एवढंच सांगून भागत नाही, त्यातलं नेमकं काय ते शोधायचंय.

म्हणून रॅपर टाकू नका, मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवा. किती खाल्लं, किती वेळाने त्रास झाला (अशी अ‍ॅलर्जी सहसा काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत दिसते), काय काय झालं, सगळं लिहा, आणि गांध्यांचा पण फोटो घ्या कारण दवाखान्यात पोचेपर्यंत त्या गेलेल्या असतात. त्या दिवशीचं जेवणपण लिहा, मासे तर आवर्जून. बांगडा नीट बर्फात ठेवलेला नसेल तर त्यात हिस्टामिन (अ‍ॅलर्जीत अंगात सुटतं तेच रसायन) तयार होतं, ते शिजवूनही जात नाही, मग तोंड लाल होतं, खाज सुटते, डोकं दुखतं, अगदी अ‍ॅलर्जीसारखंच, आणि नाव येतं जेवणानंतर खाल्लेल्या चॉकलेटवर. गणपतीतल्या चॉकलेट मोदकात खवा आणि काजूपण असू शकतो, तेही सांगा.

आधी नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा, ते अ‍ॅलर्जीवाल्यांकडे पाठवतील. त्यासाठी आपल्या कोकणातून कोल्हापूर, मुंबई नाहीतर गोवा गाठावं लागू शकतं, तेव्हा निघायच्या आधी फोन करून विचारा की स्किन प्रिक टेस्ट (कातडीवर बारीक टोचून करतात ती) होते का आणि कुठल्या गोळ्या किती दिवस बंद ठेवायच्या. सेट्रिझिनसारख्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या साधारण 5 ते 7 दिवस आधी बंद करायला सांगतात, आणि सर्दीच्या बऱ्याच सिरपमध्येही तसलं औषध असतं, ते चालू राहिलं तर एवढा घाट चढून फुकट परत यावं लागेल. दम्याची औषधं मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

टेस्टला फार दुखत नाही. हाताच्या आतल्या बाजूला पेनाने खुणा करतात, प्रत्येक खुणेपाशी एकेक थेंब, दुधाचा, शेंगदाण्याचा, काजूचा, आणि त्यातून बारीक टोचतात. एक थेंब हिस्टामिनचा आणि एक साध्या सलाइनचा असतो, तुलनेसाठी. 15 ते 20 मिनिटं खाजवायचं नाही, मग डास चावल्यासारखी गांधी मोजतात, सलाइनपेक्षा 3 मिलिमीटर किंवा जास्त मोठी असेल तर पॉझिटिव्ह. गोळ्या बंद करणं शक्यच नसेल तर रक्तातली आयजीई (अ‍ॅलर्जी घडवणारी अँटीबॉडी) टेस्ट करता येते.

पण नुसतं पॉझिटिव्ह आलं म्हणजे अ‍ॅलर्जी ठरली असं नाही, खाल्ल्यावर खरंच त्रास होतो का ते बघावंच लागतं. शंका राहिली तर हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांसमोर थोडं थोडं खायला देऊन बघतात, सगळ्यात पक्की टेस्ट तीच. हे घरी करून बघू नका, प्लीज! आणि शंभर पदार्थांच्या आयजीजी (ही आयजीईपेक्षा वेगळी अँटीबॉडी) पॅकेजवर पैसे घालवू नका, त्यावरून अ‍ॅलर्जी कळत नाही, उगाच पोराचं दूध-अंडं बंद होतं.

ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, आवाज बसला, चक्कर आली किंवा उलट्यांवर उलट्या सुरू झाल्या तर टेस्टबिस्ट नंतर, 108 ला फोन करा नाहीतर जवळचं हॉस्पिटल गाठा, तिथे अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं, नुसत्या गोळीवर थांबू नका. असं एकदा झालं असेल तर स्किन टेस्ट सहसा चार-सहा आठवड्यांनी करतात.

आणि रिपोर्टमध्ये दूध निघालं तर डार्क चॉकलेट चालेल असं धरून चालू नका, बऱ्याचदा ते त्याच मशीनवर बनतं आणि त्यात दुधाचा अंश येतो, दर वेळी रॅपर वाचूनच द्या.