पेन्शनवर आल्यावर वर्दीचं काय करायचं? मेडल, बेरे, फ्लेक्स, सगळं एकदाच

सातारा-सांगली-कोल्हापूरकडं फौजी पेन्शनवर आला की मिरवणूक ठरलेलीच. उघडी जीप, डीजे, गुलाल, आणि मधे उभा आपला माणूस फुल युनिफॉर्ममध्ये, गळ्यात एवढे हार की मेडलसुद्धा झाकली गेलीत. गावाची हौस असते, त्याला कोण नाही म्हणणार. पण मग पुढं दर 26 जानेवारीला तोच प्रश्न, रिटायर झाल्यावर वर्दी घालता येते का.

स्वतःच्या मनानं घालायची नाही, एवढं पक्कं धरून चाला. महिनाअखेरीला डिस्चार्ज झाला की दुसऱ्या दिवसापासून आपण सिव्हिलियन. भारतीय न्याय संहितेचं कलम 168 (आधी आयपीसी 140 होतं) सांगतं की जो सैनिक नाही त्यानं लोकांना सैनिक वाटावं म्हणून तसा पोशाख घातला किंवा तशी खूण लावली तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलमाचा जोर हेतूवर आहे, त्यामुळं मिरवणुकीतून कुणाला उचलून नेतील असं नाही, पण माझं मत विचाराल तर ज्या वर्दीला इतकी वर्षं इस्त्री मोडू दिली नाही तिच्यावर गुलाल कशाला पाडून घ्यायचा? ब्लेझर घाला, मेडल लावा, जीपवर तेवढेच रुबाबदार दिसता. कुठल्या कार्यक्रमाला वर्दीच घालून या असं बोलावणं आलं तर ते लेखी घ्या, आणि शंका असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. हा, फील्ड मार्शल म्हणजे आर्मीतला सर्वात वरचा हुद्दा, त्याची गोष्ट वेगळी, तो कधी रिटायरच होत नाही, पण तसे आजवर करिअप्पा आणि माणेकशॉ दोघंच झाले.

आता घालायचं काय ते बघू. 14 जानेवारीचा व्हेटरन्स डे (माजी सैनिकांचा दिवस), कारगिल विजय दिवस, शहीद स्मारकावर पुष्पचक्र, अशा वेळी गडद ब्लेझर किंवा सूट, रेजिमेंटचा टाय, डोक्यावर आपल्या रेजिमेंटची बेरे, म्हणजे ती गोल मऊ टोपी. ब्लेझर नसेल तर स्वच्छ पांढरा शर्ट पण चालतो, कुणी बोलत नाही. मेडल डाव्या छातीवर, एका ओळीत, आणि सगळ्यात मानाचं मेडल छातीच्या मध्याकडं, मग तिथून खांद्याकडं उतरत्या क्रमानं. हे लोक हमखास उलटं लावतात कारण आरशात बघून लावतात. लाँग सर्व्हिसची असतील तर 30 वर्षांचं आधी, मग 20, मग 9. सुट्ट्या पिना टोचत बसू नका, मेडल लोंबतात, एकमेकांवर आपटतात आणि ब्लेझरला भोकं पडतात ती वेगळी, कॅन्टोन्मेंटमधल्या मिलिटरी टेलरकडून सगळी एका पट्टीवर बसवून घ्या. मेडलशिवाय नुसत्या रंगीत रिबनची पट्टी सिव्हिल कपड्यावर लावायची नाही, ती युनिफॉर्मची वस्तू.

घरचा माणूस गेला असेल तर वीरपत्नी, आई-वडील किंवा मुलं त्याची मेडल लावू शकतात, पण उजव्या छातीवर, आणि तीही स्मारकावरच्या मानवंदनेला वगैरे, लग्नात नाही. उजवीकडं मेडल दिसलं की जाणकाराला न विचारता कळतं हे कुणाचं आहे.

झेंडावंदनाला शाळेत बोलावतात तेव्हा डोक्यावर काही नसेल तर हात न उचलता सावधान उभं राहायचं. सलामी वर्दीतल्यांनी द्यायची असं ध्वजसंहितेतच आहे. सवयीनं हात उठतो ते समजू शकतो.

नाव लिहिताना रिटायर्ड हा शब्द नावाच्या शेवटी. "कर्नल (रिटायर्ड) पाटील" नाही, "कर्नल पाटील (रिटायर्ड)". आर्मीचं म्हणणं असं की रँक रिटायर होत नाही, माणूस होतो. गेटवरच्या पाटीवर पण तसंच करून घ्या.

सगळ्यात जास्त घोळ फ्लेक्सवर होतो. ग्रामपंचायत लागली की माजी सैनिक उमेदवाराचा वर्दीतला फोटो चौकात, शेजारी निवडणुकीचं चिन्ह. निवडणूक आयोगानं 2013 मध्ये आणि परत 2019 मध्ये पक्षांना सांगितलंय की प्रचारात लष्करातल्या लोकांचे फोटो वापरू नका. त्या सूचनेतला शब्द न् शब्द तुम्हाला लागू होतो का यावर वाद घालत बसण्यापेक्षा "माजी सैनिक" एवढं नावापुढं लिहा, मतदाराला कळतं. मोर्चात पण वर्दी नको.

सिक्युरिटीची नोकरी धरणाऱ्यांनी तर नीट वाचा. 2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्यात गार्डनं आर्मी, नेव्ही, एअर फोर्स किंवा पोलिसांसारखा दिसणारा युनिफॉर्म घातला तर 1 वर्षापर्यंत कैद किंवा 5000 पर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि ते गार्ड आणि मालक दोघांनाही. एजन्सीवाला म्हणेल साहेब तुमचा जुनाच ड्रेस घाला, भारी दिसतं, तर सरळ नाही म्हणायचं.

राहिले घरातले जुने कपडे. शेतात कॉम्बॅटची (ठिपक्याठिपक्यांची लष्करी) पँट घालून पाणी धरणारे अर्धे गाव आहेत, पण 2016 ला पठाणकोटचे हल्लेखोर लष्करी कपड्यांत आले होते आणि त्यानंतर आर्मीनं सिव्हिलियननी तसे कपडे घालू नयेत, दुकानदारांनी विकू नयेत असं आवाहन केलं. 2022 च्या आर्मी डेला आलेल्या कॉम्बॅट वर्दीच्या नव्या पॅटर्नचं तर डिझाइनच आर्मीच्या नावावर रजिस्टर आहे, बाजारात त्याचं कापड विकणं बेकायदेशीर. म्हणून ट्रंकेतले जोड भंगारवाल्याला किंवा जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बाईला देऊ नका. बॅज, नेमप्लेट, फॉर्मेशन साइन (बाहीवरचं डिव्हिजन-कोअरचं चिन्ह) उसवून जपून ठेवा, पितळेची बटणं काढा, बाकी कापड कात्रीनं फाडून गाडी पुसायला घ्या.