डिकीतला सीडी चेंजर: बदलला तरी गाणं अडखळत होतं

गाडीच्या डिकीतल्या, सहा सीडी आपोआप बदलून वाजवणाऱ्या चेंजरमध्ये मॅगझिन (सीडी ठेवायचा खोका) आत जायचं, सहाही सीडी चाचपून डिस्प्लेवर ‘एरर’. लेन्स क्लीनर, फ्यूज, सॉकेट पुसणं, सगळं फुकट. जुन्या बाजारातून त्याच मॉडेलचा चेंजर आणला, तर तो प्रत्येक खड्ड्याला अडखळायचा. दोन रविवार डोकं पिकलं.

शेवटी हे चाललं: आधी रेडिओचा कोड (बॅटरी सुटली की रेडिओ लॉक होतो, तो उघडायचा आकडा) लिहून ठेवला, मग बॅटरीची निगेटिव्ह सोडली. चेंजर काढला. आतली यंत्रणा वाहतुकीत हलू नये म्हणून लावलेले स्क्रू तसेच होते (विकणाऱ्याने सांगितलंच नव्हतं). ते काढून भोकांवर टेप लावली. दोन्ही बाजूंचे स्प्रिंगचे खटके (चेंजर आडवा की उभा बसवलाय त्याप्रमाणे हादरे झेलणारी स्प्रिंग जुळवणारे) ‘आडवा’वर होते. माझा चेंजर उभा बसतो, म्हणून दोन्ही ‘उभा’वर फिरवले. एकच फिरवून भागत नाही. सॉकेट खटकन बसेपर्यंत दाबला, बॅटरी जोडली, कोड टाकला. आता स्पीडब्रेकरवरही गाणं तुटत नाही.